साहेब आले की वारा सुटायचा

गावाबाहेरच्या पुलाचं काम निघालं त्या हिवाळ्यात सगळी जड वाहतूक आमच्या चौकातून वळवली गेली. गुजरातेतून येणारे ट्रक, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, एसट्या, काळीपिवळी, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणाऱ्या आमच्या दुचाक्या. आमचं घर चौकाच्या तोंडावरच, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालक शेठजींचं मिरचीचं दुकान. नवरा धडगावला नोकरीला, त्यामुळे आठवडाभर घरात मी आणि माझे सासरे दोघंच. मी कॉलेजात भूगोल शिकवते. सासरे एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना घरीदारी सगळे आप्पाच म्हणतात.

सकाळी खिडकी उघडली की समोरची बँक नसायची. बँकेशेजारचं औषधांचं दुकानही नसायचं. फक्त हॉर्न ऐकू यायचे आणि मधूनच दोन पिवळे दिवे हळूहळू आपल्या खिडकीकडेच येतायत असं वाटायचं. सकाळचं धुणं गच्चीवर टाकलं तर दुपारी ते वाळायचं, पण पुन्हा धुवावं लागायचं. आप्पांना खोकला लागला. डॉक्टरांनी सकाळचं फिरणं बंद करायला सांगितलं. आप्पांनी डॉक्टर बदलले.

"आप्पा, धूर आहे हा, धुकं नाही," मी म्हणायचे.

"हाई धुई शे, माय. हिवाळामा धुई पडसच. माले धूर शिकाडू नको, मी आख्खी जिंदगी डिझेलमा काढी." एवढं बोलून ते खोकत सुटायचे आणि खोकताना हातानं मला थांबवून ठेवायचे, कारण त्यांचं बोलणं संपलेलं नसायचं.

एकदा मी वर्गात शिकवते तसं त्यांना शिकवायचं ठरवलं. काचेच्या बरणीत उदबत्ती ठेवली आणि वर झाकण लावलं. म्हटलं, हिवाळ्यात आभाळ मोकळं असलं की रात्री जमीन गार पडते. तिला टेकलेली हवाही गार आणि जड होते, खालीच बसून राहते. तिच्या वर असते ऊबदार हवा. ती झाकणासारखी. खाली गाड्यांचा धूर कितीही सोडा, तो वर जातच नाही. ऊन चढलं, जमीन तापली, की हे झाकण निघतं. किंवा वारा सुटला की. किंवा रात्री ढग आले आणि जमीन गार झालीच नाही, तर झाकण बसतच नाही.

आप्पा बरणीकडे खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं पटलं. मग म्हणाले, "मंग गावले पंखा लाव."

शेवटी चौकातल्या सात-आठ घरांनी मिळून तक्रार केली. हवा तपासणारे साहेब बाहेरगावाहून येणार असं कळलं. शिकलेली आणि रिकामी दिसणारी म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं.

साहेब पहिल्यांदा आले ते जेवायच्या वेळेला. चाळिशीचे, सज्जन, जीपमध्ये मागच्या सीटवर पेटाऱ्यासारखं एक यंत्र. ते स्वतःच जीप चालवत यायचे. त्या वेळी ऊन चांगलं तापलं होतं आणि धुराचा मागमूस नव्हता. गच्चीवरून सातपुडा असा स्पष्ट दिसत होता, की डोंगरावरच्या वाटा मोजाव्यात. साहेबांनी यंत्र लावलं, आकडे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, हवा फार छान आहे तुमच्याकडे."

"सकाळी या ना, सर. सकाळी बँक दिसत नाही."

"बँक?"

"समोरची."

त्यांनी बँकेकडे पाहिलं. बँक होती.

दुसऱ्या खेपेला बिचारे खरोखरच भल्या सकाळी आले. पण आदल्या रात्री आभाळ भरून आलं होतं. मला उठल्याबरोबरच कळलं की आज काही खरं नाही. खिडकीतून बँक दिसत होती, बँकेचा वॉचमन दिसत होता, वॉचमनच्या हातातला चहासुद्धा दिसत होता. ट्रक तेवढेच होते, धूर तेवढाच सोडत होते, पण तो वर जाऊन पांगत होता. मी साहेबांना ढगांचं समजावून सांगितलं. ते मान हलवत होते, पण त्यांच्या नजरेवरून एवढंच कळत होतं, की या बाईला बँकेबद्दल काहीतरी आहे.

तिसऱ्या वेळी आभाळ निरभ्र होतं. पहाटे धूर दाट बसला होता. मी आनंदानं फोन केला, "सर, आत्ताच्या आत्ता निघा!" साहेब निघाले. त्यांची जीप गावाच्या वेशीत शिरली आणि उत्तरेकडून असा सोसाट्याचा गार वारा सुटला की शेठजींच्या दुकानाची पाटी निसटून रस्त्यात पडली. साहेब उतरले तेव्हा चौक धुतल्यासारखा होता. त्या दिवशी ते बायकोलाही बरोबर घेऊन आले होते. तिला दम्याचा त्रास. "मागच्या वेळी मी इथून गेलो ना, मला स्वतःलाच इतकं मोकळं वाटत होतं," ते म्हणाले, "म्हटलं हिलाही जरा हवापालट होईल." बाई आमच्या गच्चीवर सतरंजी टाकून प्राणायाम करत बसल्या. खाली ट्रकांची रांग लागली होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही किती भाग्यवान आहात."

आप्पा हे सगळं बघत होते. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "माय, तुन्हा ध्यानमा उनं का? तो सायेब उना, का धूर पळस, वारा सुटस."

"योगायोग आहे, आप्पा."

"तीन येळा?"

माझ्याकडे उत्तर होतं, म्हणजे भूगोलात होतं, पण आप्पा तोवर जिना उतरून खाली गेले होते. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चौकभर झाली. आणि तिथून पुढे लोकांनी साहेबांकडे तक्रारीसाठी बघणं सोडून दिलं. त्यांना साहेबच हवे झाले. धुराचं काय ते नंतर बघू, आधी साहेबांना बोलवा. ज्यांच्या घरी लग्न होतं ते म्हणाले, मांडव रस्त्यावरच आहे, व्हिडिओ काळा येतो, साहेबांना पत्रिका द्या. फोटो स्टुडिओवाल्यानं त्याला दुजोरा दिला. आमच्या प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "ते तुमचे साहेब गॅदरिंगच्या सुमारास मोकळे असतील का?" त्यांची केबिन विज्ञान शाखेच्या इमारतीत आहे.

साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, काय प्रेमळ गाव आहे. ते लग्नाला आले. वारा सुटला. त्यांनी अक्षता टाकल्या, त्या उडून वाजंत्रीवाल्यांवर पडल्या.

आता यात एका माणसाचं नुकसान होतं आणि तो आमच्याच खाली राहत होता. शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण त्यांचा जन्म इथलाच, दुकानात ते आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात. त्यांची लाल मिरची गावाबाहेर पथारीवर वाळत पडलेली होती. पथारी म्हणजे उघडं रान, त्यावर लांबच लांब मिरचीचा गालिचा. सातपुड्यातून आलेल्या पावरा आदिवासी बायका दिवसभर ती मिरची खालीवर करतात, देठं काढतात, बाजूलाच त्यांच्या झोपड्या. अशा वेळी शेठजी आभाळाकडे बघण्यापलीकडे काही करत नाहीत. ढगाचं एक बोट दिसलं तरी ते गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर येतात.

ते वर आले. चप्पल काढून दारातच उभे राहिले. "मॅडम, एक विनंती होती. मिरची पोत्यात भरेपर्यंत साहेबांना येऊ देऊ नका."

"शेठजी, तुम्ही पण?"

"वारा आणतात इथवर ठीक. पण दुसऱ्या वेळी ढग आले होते, तुम्हीच सांगितलं. ढगांचं पुढे काय होतं ते मी सांगू का तुम्हाला?"

आप्पा आतून ओरडले, "सायेब येतीनच! माले श्वास लेवाना शे!"

"आणि मी काय मिरची पाण्यात विकू, आप्पा?"

दोघांचं असं जुंपलं की मला मध्ये पडावं लागलं. मी पुन्हा सगळं समजावलं, उत्तरेकडून येणारा वारा, ढग, जमिनीचं गार होणं. माझं बोलून झाल्यावर दोघेही एकाच वेळी म्हणाले, ते सगळं बरोबर आहे, पण साहेब येणार आहेत की नाही?

शेठजी व्यवहारी माणूस. माझ्यावर अवलंबून राहिले नाहीत. काजूकतलीचा मोठा डबा घेऊन ते थेट साहेबांच्या ऑफिसात गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, एवढी मेहेरबानी करा. थोडे दिवस आमच्या गावाला येऊ नका."

झालं ते अगदी सरळ होतं. साहेबांच्या नोकरीत धंदेवाल्यांना ते यायला नकोच असतात, हे त्यांना माहीत होतं. पण कोणी मिठाई घेऊन 'येऊ नका' सांगतो, म्हणजे तिथे दाबून ठेवलेलं काहीतरी असणारच. त्यांनी डबा परत केला, शेठजींचा धंदा काय ते विचारून घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी यंत्र घेऊन सरळ पथारीवर हजर झाले. शेठजींनी मला फोन केला. आवाज असा, की घरात कोणी गेलं असावं. "मॅडम, ते आले. आणि वर बघा."

मी कॉलेजच्या खिडकीतून वर बघितलं. पश्चिमेकडून काळं आभाळ येत होतं.

मी स्कूटीवर आप्पांना घेऊन पथारीवर पोचले तेव्हा टपोरे थेंब पडायला लागले होते. बायका ताडपत्र्या ओढत धावत होत्या. शेठजी धोतराचा सोगा धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत होते आणि साहेबांकडे बघून ओरडत होते, "जा ना साहेब! जा! तुम्ही जा म्हणजे थांबेल!" साहेबांना वाटलं, शेठ त्यांना काही बघू देत नाहीये. पण समोर मिरची भिजत होती आणि ते मुळात भले माणूस. त्यांनी यंत्र जीपमध्ये ठेवलं, बूट काढले आणि ताडपत्रीचं एक टोक धरून पळायला लागले. वाऱ्यानं ताडपत्री फुगली. साहेब तिच्याबरोबर थोडे वर उचलले गेले आणि मिरचीच्या ढिगात तोंडावर पडले. एक म्हातारी पावरा बाई हसत हसत त्यांना उठवायला गेली. त्यांनी दोन्ही हातांनी डोळे चोळले.

मग जे ओरडले, ते ऐकून शेठजींनाही पावसाचा विसर पडला.

साहेबांना आमच्या घरी आणलं, जीप आप्पांनी चालवली. डोळ्यांवर थंड दूध, पाणी, पुन्हा दूध. डॉक्टर येऊन थेंब टाकून गेले, म्हणाले काही झालेलं नाही, पण आज गाडी चालवायची नाही. साहेबांच्या डोळ्यांवर ओल्या फडक्याची पट्टी. आप्पांनी त्यांना आपली कॉट दिली. सर थांबली होती. पट्टी बांधलेल्या अवस्थेतच साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, खरं सांगा. तुमच्या गावात धूर आहे का हो? की तुम्ही सगळे..." पुढचा शब्द त्यांना सापडला नाही.

"सर, राहताय ना आज? आभाळ मोकळं होतंय. जमीन ओली आहे, वारा पडलाय. उद्या सकाळी बघा."

शेठाणींनी खालून खिचडी-कढी पाठवली. शेठजी स्वतः घेऊन आले, साहेबांच्या उशाशी बसले, आणि चमचा त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "नुकसान थोडंच झालं. तुम्ही ताडपत्री धरली नसती तर जास्त झालं असतं. पण साहेब, एक सांगा, तुम्ही दुसऱ्या खात्यात बदली का नाही घेत?"

सकाळी मला जाग आली ती साहेबांच्या हाकेनं.

"मॅडम! मॅडम, माझे डोळे गेले!"

मी धावत गेले. साहेब पट्टी काढून खिडकीशी उभे होते. दोन्ही हात पुढे करून चाचपडत. खिडकीबाहेर काही नव्हतं. काही म्हणजे काहीच. बँक नाही, रस्ता नाही, आमच्याच खिडकीचा गजसुद्धा खालच्या टोकाला विरून गेलेला. नुसतं करडं.

"सर, मी दिसतेय का तुम्हाला?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"तुम्ही दिसताय."

"मग डोळे आहेत. हाच तो धूर."

आप्पा टाळ्या वाजवायला लागले. ज्या माणसानं महिनाभर मला सांगितलं की ही धुई आहे, तो नाचायचा बाकी होता. "देखा सायेब! देखा! धूर शे का नही?" साहेब अनवाणी जिन्यावरून खाली पळाले, यंत्र घेऊन आले, गच्चीत लावलं. यंत्राचा आकडा चढत होता आणि साहेबांचा चेहरा फुलत होता. "बापरे," ते म्हणत होते, "बापरे, काय आकडा आहे!" लग्नातसुद्धा मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. आप्पा त्यांच्याशेजारी उभं राहून आकडा चढला की खोकत होते आणि खोकला आला की हसत होते.

मग आप्पांचं हसणं थांबलं. खोकला थांबेना. ते कठड्याला धरून खाली बसले. ओठ निळसर दिसायला लागले.

आम्ही दोघांनी त्यांना धरून जीपमध्ये घातलं. दवाखाना चौकाच्या पलीकडे, एरवी पायी जाण्यासारखा. पण चौक तुंबला होता. पुढे ट्रक, मागे ट्रॉली, कोणालाच कोणी दिसत नव्हतं, त्यामुळे सगळे इंजिनं चालू ठेवून हॉर्न वाजवत उभे. आप्पांनी माझा हात घट्ट धरला होता. आयुष्यभर स्टेअरिंग धरलेला हात, त्याची पकड मला आधी कधी अशी लागली नव्हती. मी बरणीतल्या उदबत्तीबद्दल इतकं हुशारीनं बोलले होते, आणि आता आम्हीच बरणीत होतो.

साहेबांनी जीपचं इंजिन बंद केलं आणि उतरले. मला वाटलं, पळाले. पण मग पुढच्या ट्रकच्या दारावर थाप ऐकू आली. "इंजिन बंद करा! आजारी माणूस आहे! बंद करा!" मग त्याच्या पुढच्या ट्रकवर थाप. मग त्याच्याही पुढच्या. साहेब दिसत नव्हते, नुसता आवाज लांब लांब जात होता, आणि त्याच्या मागे एकेक इंजिन गप्प होत होतं. ट्रक, ट्रॉल्या, एक एसटी. शेवटी चौकात इतकी शांतता झाली की आप्पांच्या छातीतली शीळ मला स्वच्छ ऐकू आली. त्या शांततेत दोन ट्रकवाले आले, त्यांनी आप्पांना उचललं आणि गाड्यांच्या मधून चालत दवाखान्यात नेलं. मी त्यांच्या पाठीला हात लावून चालत होते, चुकू नये म्हणून.

तोंडावर मास्क लावून वाफ दिल्यावर आप्पांचा रंग परत आला. मास्कच्या आतून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर "एसटी कोणता डेपोनी व्हती?"

साहेबांनी त्यानंतर मात्र पिच्छा सोडला नाही. आठवड्याच्या आत पोलीस जड गाड्या सकाळी गावाबाहेरच अडवायला लागले. ऊन चढून हवा मोकळी झाली की मगच आत सोडायच्या. आमच्या खिडकीतून बँक रोज दिसायला लागली. धुणं पांढरं राहायला लागलं.

पण गंमत पुढेच आहे. हे बघायला साहेब परत आले, त्या दिवशी पानही हलत नव्हतं. चौकातले लोक दुकानांच्या दारात उभे राहून वाट बघत होते. साहेब उतरले. थांबले. काहीच झालं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. स्टुडिओवाला मला हळूच म्हणाला, "मॅडम, साहेबांमध्ये आता पहिल्यासारखं राहिलं नाही." हवा स्वच्छ होती, त्यांच्यामुळेच होती, पण वारा आला नव्हता, त्यामुळे साहेबांना चहाही कोणी विचारला नाही. मी घरी नेऊन पाजला. त्यांनी विचारलं, "लोक नाराज आहेत का माझ्यावर?" मी काय सांगणार होते? म्हटलं, परीक्षा चालू आहेत सध्या.

शेठजी मात्र खूश होते. मिरची पोत्यात गेली होती. ते वर येऊन साहेबांना म्हणाले, "आता कधीही या."

आप्पांची नवीन कुरबुर सुरू झाली. चौक सकाळी सुना पडतो, गाड्याच नाहीत, करमत नाही. मग एक दिवस ते सकाळी घरात सापडेनात. मी स्कूटी काढून शोधत निघाले, तर गावाबाहेर जिथे ट्रक अडवून ठेवतात तिथे एका गुजरातच्या ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून चहा पीत होते. खाली टपऱ्या लागल्या होत्या, ट्रकवाले शेकोटीभोवती गप्पा मारत होते.

"आप्पा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"इंजिन बंद शे, माय," ते वरून म्हणाले. "मी आधी ते बंद करी लिधं, मंग चढनू." आणि शेजारच्या ड्रायव्हरला म्हणाले, "हाई मनी सून. भूगोल शिकाडस. इले वारानं इचारा, वारानं."

त्या ड्रायव्हरनं खरंच खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, की बहेन, आज वारा कधी सुटेल? मला उत्तर माहीत होतं. मी सांगितलं, ऊन जरा वर येऊ द्या.